फुंकणीभर श्वास

तारापूरच्या मांगेलआळीत हंसाच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती निघाली, की ओटीवर बसलेली म्हातारी माणसं मुद्दाम तिला डिवचायची. "काय गो हंसे, बोंबील सुकलेत की सासू?" की हंसा चालता चालताच उत्तर द्यायची, "दोन्ही सुकलेत, पन सासूला गिऱ्हाईक मिलत नाय." आतून सासूची, मंजुळाआयची शिवी यायची, आळी हसायची, आणि मग दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा.

सहासष्ट सालच्या वैशाखात ही हंसा मुकी झाली.

तिचा दीर कमलाकांत, घरातला कमळ्या, समुद्रात गेला. दीर म्हणायचा एवढंच. हंसा लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो पोर तिच्या सासूच्या कडेवर होता, आणि वर्षभरात सासऱ्याच्या मागे सासूने अंथरूण धरलं तेव्हा तो कडेवरून हंसाच्या कडेवर आला. तिला स्वतःला मूल झालं नाही. देवाने आधीच एक देऊन ठेवलंय, मग कशाला देईल, असं ती म्हणायची. त्याला भरवलं तिने, खाडीत पोहायला शिकवलं तिच्या नवऱ्याने, नवशाने. कडेवर असतानाच बाप गमावलेला पोर भावाला 'दादा' म्हणायचा पण वागायचा बापाशी वागावं तसा.

झालं ते दिवसाउजेडी झालं. जाळं पाण्याखालच्या खडकाला अडकलं, कमळ्याने कमरेला सुरी खोचून उडी टाकली, आणि तो वर आलाच नाही. मागून नवशा गेला, वर आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. ओहोटी लागलेली. शेवटी होडीतल्या दोघांनी नवशालाच केसांना धरून वर ओढला. कमळ्या सापडला नाही. किनाऱ्याने माणसं शोधत फिरली, चिंचणीपासून पार खालच्या अंगापर्यंत. समुद्राने एक चिंधीसुद्धा परत दिली नाही.

तेव्हापासून नवशा कुडाकडे तोंड करून पडला. तो कधी रडला नाही, भांडला नाही, दारूलाही शिवला नाही. हाक मारली तर 'हूं' म्हणायचा आणि ते 'हूं' एखाद्या विहिरीतून यावं तसं यायचं. पालघरच्या डॉक्टरने छाती तपासली, गोळ्या दिल्या, आणि सांगितलं, अंगात दुखणं नाही, मन बसलंय. भगताने तांदूळ टाकले आणि सांगितलं, पाण्यातलं काही सोबत आलंय. दोघांनी आपापल्या परीने खरंच सांगितलं होतं. पण उठवायचं कसं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

हंसा मात्र पाटी घेऊन बाहेर पडायची. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, घरात तीन तोंडं, सुकट-बोंबील विकल्याशिवाय चूल कशी पेटणार? बोईसरच्या वाटेवर तेव्हा कारखान्याच्या बांधकामावर आलेल्या लोकांच्या पत्र्याच्या खोल्या उठल्या होत्या. तिथे पंढरी फिटरची बायको इंदुबाई तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. सातारकडची बाई, उंच, हाडापेराने मजबूत. मासळीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण घासाघीस करायची मात्र हौस.

त्या दिवशी इंदुबाईने नेहमीसारखा भाव पाडून मागितला. हंसाने गुमान पाटीतून बोंबील काढून दिले.

इंदुबाईने ते हातात घेतलेच नाहीत. "अगं, भांडशील तर खरं. रोज तर माझा अर्धा दिस खातीस. आज काय झालं?"

"काय नाय, बाय. घे."

"बोंबील ऱ्हाऊ दे. बस हितं."

हंसा उंबऱ्यावर बसली आणि तिने सांगितलं. किती दिवसांनी ती एवढं सलग बोलली. सगळं ऐकून झाल्यावर इंदुबाईने विचारलं, "झोपतो का?"

"डोले उघडे ठेवून."

"जेवतो?"

"घास तोंडात घेतो आनि इसरतो."

"आन् श्वास कसा घेतो?"

हंसाने तिच्याकडे बघितलं. "कसा घेनार? नाकानं. तुज्या सातारला काय कानानं घेतात?"

इंदुबाई फसकन हसली. हंसालाही हसू आलं, आणि आलं तशी तिला लाज वाटली. इंदुबाई म्हणाली, "बघ तर जाऊन. मग सांग मला."

घरी आल्यावर हंसा नवऱ्याच्या पाठीशी बसून बघत राहिली. इतकी वर्षं शेजारी झोपत होती, पण असं बघितलं नव्हतं. नवशा घोटभर श्वास घ्यायचा आणि धरून ठेवायचा. पाठ हलायची नाही. बघणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा इतका वेळ. मग मोडल्यासारखा थोडा सोडायचा आणि घाईघाईने पुन्हा घोट. पाण्यात बुडी मारणारा माणूस असा श्वास घेतो. हा तर कोरड्या जमिनीवर पडला होता.

पुढच्या खेपेला इंदुबाईने तिला आत घेतलं, दार लोटलं आणि चटई अंथरली. तिची स्वतःची दोन लेकरं एका पावसाळ्यात गोवराने गेली होती, पंढरी कोयनेच्या धरणावर कामाला होता तेव्हा. "मीबी अशीच भितीकडं तोंड करून पडलेली," ती म्हणाली. तिथल्या शाळेतल्या व्यायामाच्या मास्तरांची बायको रोज यायची आणि तिच्याकडून हे करून घ्यायची. अवघड काही नाही, डोक्यावर उभं राहायचं नाही की अंगाच्या गाठी मारायच्या नाहीत. उताणं पडून गुडघे पोटाशी घ्यायचे आणि पाळण्यासारखं हळू हलायचं. बसून, श्वास घेत हात वर न्यायचे आणि सोडत खाली आणायचे. आणि मुख्य म्हणजे श्वास सोडायचा तो लांब, घेतल्यापेक्षा लांब.

"किती लांब?"

इंदुबाईने चुलीजवळची लोखंडी फुंकणी उचलली. "ओल्या लाकडाला फुंकतीस तेवढा. धुराला घाबरून घाई केली तर जाळ व्हतो का? न्हाई. तसंच हे."

शेवटी तिने अंगठ्यांनी स्वतःचे कान बंद केले, ओठ मिटले आणि भुंग्यासारखा आवाज काढला. बंद खोलीत तो पत्र्याला जाऊन लागला. "पर हे मागनं," ती म्हणाली. "आधी त्याला सोडाया येऊ दे. ह्याची घाई करू नगंस. लई आतलं हलवतं हे. आन् डाक्टरच्या गोळ्या चालू ठेव."

"ह्यानं जाईल ना बाय, त्याचं दुखनं?"

इंदुबाई चटई गुंडाळत होती. तिने वर बघितलं नाही. "जात न्हाई गं ते. पर उठता येतं."

पाटी डोक्यावर घेऊन हंसा तारापूरला येईपर्यंत वाटभर मनात घोकत आली. गुडघे पोटाशी. हात वर. लांब सोडा. वाटेत कुणीतरी विचारलं, "बोंबील कसे?" तर तिच्या तोंडून निघालं, "हळू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नवशाला ओढून बसवलं. तो बसला. नाही म्हणायलाही जोर लागतो, तेवढा त्याच्यात नव्हता. मंजुळाआय चुलीपुढे कपाळ बडवू लागली. "माजा पोर पान्यात, आनि ही घरात नाच शिकवते."

"आय, तू फुंक गप. चूल इझली तुजी."

"माजी चूल नाय, तुजं डोकं इझलं."

हंसाने नवशापुढे मांडी घातली. "घ्या श्वास. हा. आता सोडा. लांब. फुंकनीत फुंकल्यागत. सोडा."

श्वास घ्यायला त्याला जमायचं. हात वर न्यायलाही जमायचं. पण 'सोडा' म्हटलं की त्याचा जबडा आवळायचा, मानेच्या शिरा वर यायच्या, आणि उजव्या हाताची मूठ गच्च मिटायची. हंसा मग त्याची मूठ आपल्या मांडीवर घ्यायची आणि एकेक बोट सोडवायची. अंगठा, मग त्याच्या शेजारचं, मग मधलं. "सोडा ओ. कशाला आवलून धरता? सोडा." बोटं पुन्हा मिटायची. ती पुन्हा सोडवायची. रोज सकाळी हे असं.

तरी फरक पडला. आषाढ सरता सरता तो आपणहून मोरीत जाऊन अंघोळ करू लागला. तांदळाची भाकर आणि कालवण दिलं तर ताट रिकामं करायचा. एकदा पडवीत येऊन बसला आणि फाटक्या जाळ्याचं टोक उगीच हातात घेतलं. मंजुळाआय ते बघून पुन्हा चुलीकडे वळली. मात्र दुसऱ्या दिवशी फुंकणी चुलीत घालण्याआधी ती म्हातारी, कुणाचं लक्ष नाहीसं बघून, डोळे मिटून एक लांब फुंकर नुसतीच हवेत मारताना हंसाने पाहिली.

नवशा उठला अशी बातमी आळीत फिरली, आणि चंद्रभानकाका दारात आला. आळीतला सगळ्यात जुना तांडेल, होडी हाकण्यात केस पिकलेला, शब्दाला वजन असलेला माणूस.

"नवश्या, पुनव जवल आली. पुतला करून घे."

पाण्यात गेलेल्याचं शरीर मिळालं नाही, तर गवताचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, अंगावर त्याचे कपडे घालायचे आणि त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. बाप नसला तर थोरल्या भावाने द्यायचा. ते झाल्याखेरीज त्या घरची होडी नारळी पुनवेला पाण्यात उतरत नाही. आणि गेलेला धड तिकडचा होत नाही की धड इकडचा राहत नाही.

"मी नाय करायचा," नवशा म्हणाला. किती दिवसांत त्याच्या तोंडून आलेलं ते पहिलं सबंध वाक्य.

"मग कोन करेल? तुजी आय? भाऊ तुजा लटकत राहिलाय रे. त्याला मोकला कर."

नवशा उठला, आत गेला, आणि कुडाकडे तोंड करून पडला.

हंसाच्या पायाखालची वाळू सरकली. एवढं ओढत काठाला आणलेलं गलबत एका लाटेने परत आत जावं तसं झालं. दोन दिवस तो जेवला नाही. पुनव तर दाराशी आलेली. इंदुबाईने सांगितलेलं तिला आठवत होतं, घाई करू नगंस. पण घाई करायची नाही म्हणजे वाट बघायची, आणि वाट बघायला तिच्याजवळ उरलं काय होतं?

सकाळी सासू पाण्याला गेल्यावर तिने नवशाला बसवलं. त्याच्या मागे गुडघ्यावर बसून तिने आपल्या अंगठ्यांनी त्याचे कान बंद केले. "भुंग्यासारखा आवाज काढा. तोंड मिटून. माज्यासाठी काढा."

आधी नुसती घरघर आली. मग आवाज धरला. खालचा, जाड, लांब. तिच्या अंगठ्यांना तो कंप लागत होता. तिला बरं वाटलं, सुटला एकदाचा श्वास. आणि एकाएकी नवशाचं अंग ताठ झालं.

"बोलते," तो म्हणाला.

"कोन?"

"घोल. घोल बोलते."

घोळ मासा पाण्याखाली आवाज करतो. तो ऐकायला वल्हं पाण्यात उभं धरून दांड्याला कान लावतात. पाण्यातला आवाज लाकडातून चढून कानात येतो, असाच, खालचा आणि जाड. आळीत कमळ्यासारखा कान कुणाला नव्हता. तो वल्ह्याला कान लावून डोळे मिटायचा आणि हसायचा. "दादा, बोलते! हितंच टाक."

"त्यानंच सांगितलं, हितं टाक," नवशा बोलू लागला. कान अजून तिच्या अंगठ्यांखाली होते, म्हणून तो मोठ्याने बोलत होता, बहिऱ्या माणसासारखा. "टाकलं. अडकलं. तो गेला. मी मागनं गेलो. हंसा, मना तो मिलाला होता."

तिने हात काढले.

"पाय दोरात गुतलेला. मी त्याचा हात धरला. ह्या हातानं. वडला, वडला, येत नव्हता. माजा दम भरला. मी धरून ठेवला दम, धरला तवर हात पन धरला. मग दम सुटला. सुटला आनि हात सुटला. परत गेलो तर तिथं कायच नव्हतं."

तेव्हा तो रडला. गुरासारखा, जमिनीवर कपाळ टेकून. हंसा त्याच्या उजव्या मुठीकडे बघत होती. अंगठा, मग त्याच्या शेजारचं, मग मधलं. सोडा ओ. कशाला आवलून धरता?

तिने फक्त एक विचारलं. "तो वडत होता का तुमाला?"

"नाय," नवशा म्हणाला. "नुसता धरलेला. लहानपनी बाजारात धरायचा ना, तसा."

हंसा उठून मागीलदारी गेली आणि बोंबील वाळवायच्या रिकाम्या दांडीखाली उभी राहिली. तिथे तिने पदर तोंडात कोंबला. आतून नवऱ्याचं रडणं येत होतं. एका घरात एका वेळी एकानेच रडावं, असा काहीतरी हिशेब तिच्या डोक्यात बसला होता.

इंदुबाईला तिने हे सांगितलं तेव्हा पाटी उतरवायचंही भान नव्हतं. "मी रोज त्याची बोटं सोडवीत होते, बाय. रोज सकाली. मीच."

इंदुबाईने पाटी खाली घेतली. बराच वेळ ती हंसाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आता सोड म्हनू नगंस. काईच म्हनू नगंस. त्याच्याम्होरं बस आन् तू कर. तुजं बघून त्याचं व्हईल." आणि थांबून, "तू केलंस का गं कधी? सोताचं?"

"मना कुठं येल हाय, बाय," हंसा म्हणाली.

पुनवेच्या आदल्या दिवशी किनाऱ्यावर पुतळा नेला. नवशा गेला, कारण हंसाने त्याला सदरा घातला आणि तो चालू लागला. बायका रीतीप्रमाणे सुरूच्या झाडांशी थांबल्या. लाकडांवर गवताचा देह ठेवला. त्याला कमळ्याचा निळा सदरा घातलेला, लग्नकार्यासाठी शिवलेला, दोनदासुद्धा न घातलेला. नारळाला कुणी डोळे काढले नव्हते, तरी तो बघत होता.

नवशाने पुतळा ठेवला, पण सदऱ्याची बाही त्याच्या मुठीत राहिली.

"सोड, नवश्या," चंद्रभानकाका म्हणाला. पेटतं लाकूड त्याच्या हातात होतं. "सोड रे बाबा. भरती येते."

"सोड," दुसरा म्हणाला. "जाऊ दे त्याला. सोड."

सगळेच म्हणू लागले. मायेने म्हणत होते, त्यांना काय ठाऊक? नवशाचा जबडा आवळला. छाती भरली आणि तशीच राहिली. सुरूच्या झाडांशी उभ्या असलेल्या हंसाला ती अडलेली छाती इतक्या दुरून दिसली. ती निघाली.

"गो हंसे! बायका जात नाय तिथं!" सासूने पदर धरला. पदर सुटला.

पुरुषमाणसं बाजूला झाली ती चकित होऊन. हंसा लाकडांशी जाऊन नवशाच्या शेजारी वाळूत बसली. ती 'सोडा' म्हणाली नाही. पुतळ्याकडेही तिने बघितलं नाही. अंगठ्यांनी स्वतःचे कान बंद केले आणि ओठ मिटून आवाज काढला. तिला कधी सवय नव्हती, आवाज कापला. तिने पुन्हा घेतला. लांब. ओल्या लाकडाला फुंकावं तेवढा. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा, तिच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज आला, खालचा, जाड. समुद्र पुढे गाजत होता, तरी तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाने तो ओळखला. जुन्या तांडेलाने तोंड फिरवलं.

आवाज संपत संपत गेला तशी मूठ उघडली. कुणी सोडवली नाही, आपली आपण. बाही गवतावर पडली, आणि नवशाने हात पसरून चंद्रभानकाकाकडून पेटतं लाकूड घेतलं.

गवत लगेच पेटलं. नारळ मात्र बराच वेळ तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी गावाने समुद्राला नारळ दिला आणि नवशाची होडी पाण्यात गेली. तो पुढे बरीच वर्षं समुद्रावर जात राहिला, पण आपल्या होडीत त्याने कुणाला वल्ह्याला कान लावू दिला नाही. मिळेल ते घ्यायचं, नाहीतर रिकामं यायचं. तरणी पोरं कुरकुरली, मग सवयीची झाली. इंदुबाई म्हणाली होती तेच खरं ठरलं. ते गेलं नाही. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी तो कुडाकडे तोंड करून पडायचा, पण हंसा समोर येऊन बसली की उठायचा. पंढरी फिटरला पुढे दुसऱ्या कामावर नेमलं आणि इंदुबाई जाताना आपली लोखंडी फुंकणी हंसाला देऊन गेली. बोंबलाच्या भावावरून त्या दिवशीही दोघी भांडल्या, मुद्दाम, रडू येऊ नये म्हणून.

पहाटे उठून नवरा-बायको पडवीत समोरासमोर बसायची. आळीतली पोरं त्यांना 'भुंगे' म्हणायची. हंसाचं तोंड परत सुरू झालं होतं, ती बसल्या जागेवरूनच ओरडायची, "भुंगा चावला की समजेल, मेल्यांनो!" आणि पोरं पळायची. मग ती पुन्हा नवऱ्याकडे वळायची. तो डोळे मिटून श्वास सोडत असे, लांब, फुंकणीभर. शेवटी आवाज विरून जाई आणि त्याची छाती रिकामी, स्थिर होई. दुसरा श्वास अजून यायचा असे. तेवढ्या वेळात हंसा सोडत नसे. त्याची छाती पुन्हा वर आलेली दिसेपर्यंत ती आपला श्वास तसाच धरून ठेवी.